खाटेशेजारची हिंसा

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पाण्यावर पोसलेला शिरोळ तालुका उसाने आणि भाजीपाल्याने समृद्ध आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४ लाखांच्या जवळपास होती. अशा तालुक्यातील सार्वजनिक आरोग्यसेवेची रचना राज्याच्या सपाट भागांत सारखीच असते: सुमारे ५ हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्यांच्यावर साधारणतः ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय. या रचनेत जे उपचार होऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी रुग्णाला सांगली, मिरज, इचलकरंजी किंवा कोल्हापूर गाठावे लागते. मिरज येथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयापासून त्या गावाला वैद्यकीय नगरीचा लौकिक मिळत गेला आणि १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले, त्यामुळे ‘मिरजेला न्या’ हे शब्द या परिसरातील कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. हेच शब्द मध्यरात्री, घाबरलेल्या नातेवाइकांसमोर उच्चारण्याची वेळ ज्या व्यक्तीवर येते ती बहुतेक वेळा परिचारिका असते, आणि परिचारिकांवरील हिंसेचा अभ्यास करताना याच क्षणाकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे लागते.

उसाच्या पट्ट्यातील सर्पदंशाचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. दंश झालेल्या प्रत्येकाला प्रतिविष देण्याची गरज नसते. साप बिनविषारी असू शकतो, किंवा विषारी सापानेही पुरेसे विष सोडलेले नसते, आणि प्रतिविष हे स्वतःच तीव्र ॲलर्जी निर्माण करू शकणारे औषध असल्यामुळे विषबाधेची लक्षणे दिसल्याखेरीज ते देऊ नये असा वैद्यकीय संकेत आहे. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्षमता बिघडते, म्हणून रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती नळी २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवली जाते आणि मग ती तिरपी करून रक्त गोठले आहे की नाही हे पाहिले जाते. कोणत्याही यंत्राविना होणारी ही चाचणी ग्रामीण रुग्णालयाला फार मोलाची आहे; पण शेतातून रुग्णाला उचलून आणणाऱ्या माणसांना त्या २० मिनिटांत काय दिसते याचा विचार केला, तर एका नळीकडे पाहत उभी राहिलेली, इंजेक्शन न देणारी आणि ‘थांबा’ म्हणणारी परिचारिका एवढेच दिसते. उपचार चालू असतानाच उपचार होत नसल्याचा समज येथे निर्माण होतो. त्यात डॉक्टर दुसऱ्या रुग्णात गुंतलेले असले, रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर गेलेली असली, आणि सोबत आलेल्यांपैकी कोणी मद्य घेतलेले असले, तर ‘डॉक्टर कुठं हाईत?’ या प्रश्नाचे शिवीगाळीत, आणि शिवीगाळीचे धक्काबुक्कीत रूपांतर होण्यास फार वेळ लागत नाही.

हिंसा या शब्दाची व्याप्ती येथे स्पष्ट केली पाहिजे, कारण सामान्य व्यवहारात तो शब्द मारहाणीपुरता वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, परिचारिकांची आंतरराष्ट्रीय परिषद आणि सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांचा जागतिक महासंघ या चार संस्थांनी आरोग्यक्षेत्रातील हिंसेसंबंधी २००२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत कामाशी संबंधित परिस्थितीत कर्मचाऱ्याचा अपमान, त्याला दिलेली धमकी आणि त्याच्यावर झालेला हल्ला या तिन्हींचा समावेश केला असून कामावर येण्याजाण्याचा प्रवासही त्या कक्षेत धरला आहे. रात्रपाळी संपवून पहाटे एकटीने एस. टी. स्थानकाकडे जाणारी परिचारिका, किंवा लसीकरणासाठी वाड्यावस्त्यांवर फिरणारी आरोग्यसेविका, या व्याख्येमुळे चर्चेत येते. हिंसेचे चार प्रकारही अभ्यासक मानतात: संस्थेशी कसलाही संबंध नसलेल्या गुन्हेगाराने केलेली, रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली, सहकाऱ्याने किंवा वरिष्ठाने केलेली, आणि घरगुती संबंधातील व्यक्तीने कामाच्या जागी येऊन केलेली. वृत्तपत्रांत यांपैकी दुसरा प्रकार प्रामुख्याने दिसतो. परंतु महाराष्ट्राच्या स्मृतीत कायमची कोरली गेलेली घटना, अरुणा शानबाग यांच्यावरील हल्ला, तिसऱ्या प्रकारातील आहे.

या हिंसेचे प्रमाण किती, याबद्दल जगभरातील संशोधनांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. २५३ अभ्यास आणि त्यांतील ३ लाख ३० हजारांहून अधिक आरोग्यकर्मचारी यांचा त्यात विचार केला होता, आणि आधीच्या वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या हिंसेला तोंड दिलेल्यांचे प्रमाण ६१.९ टक्के, तर शारीरिक हिंसा सोसलेल्यांचे प्रमाण २४.४ टक्के आढळले. देश आणि विभाग बदलला की हे आकडे बदलतात, पण त्यांतील अंतर अर्थपूर्ण आहे. शारीरिक हल्ल्याच्या मानाने शिवी, धमकी, अश्लील बोलणे आणि पाणउतारा यांचे प्रमाण पुष्कळच मोठे आहे, आणि नेमका हाच भाग सहसा कोणत्याही पोलीस ठाण्यात, कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही.

परिचारिकाच या रोषाचे लक्ष्य का होते, याचे पहिले कारण साधे आहे. डॉक्टर फेरी मारून जातात, अधिकारी कार्यालयात असतात, औषधांचा पुरवठा जिल्ह्याच्या ठिकाणी ठरतो, पदभरती मंत्रालयात अडते. खाटेजवळ आठ-बारा तास उभी असते ती परिचारिका. व्यवस्थेतील प्रत्येक उणिवेची बातमी तिच्याच तोंडून बाहेर पडते आणि ती उणीव तिनेच निर्माण केली असे ऐकणाऱ्याला वाटते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण कक्षात वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात ३ रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे एक परिचारिका असावी. पंधराव्या वित्त आयोगाच्या अहवालात देशात ६७० लोकसंख्येमागे एक परिचारिका असल्याचे आणि अपेक्षित प्रमाण ३०० मागे एक असल्याचे नमूद केले होते. कंत्राटी आणि बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात राज्यातील शासकीय परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप पुकारला, त्यामागे वेतनाइतकीच ही संख्येची आणि स्थैर्याची चिंता होती. एका परिचारिकेकडे वीस-पंचवीस खाटा असतील तर सलाईन संपल्याचे सांगायला आलेल्या नातेवाइकाला दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा येऊन सांगावे लागणार, हे गणित आहे. परंतु खाटेशेजारी बसलेल्याला ते गणित दिसत नाही, दुर्लक्ष दिसते.

दुसरे कारण अधिक जुने आहे. परिचर्येत अनोळखी शरीराला स्पर्श करावा लागतो, मलमूत्र आणि रक्त हाताळावे लागते, रात्री घराबाहेर राहावे लागते. सोवळे-ओवळे आणि स्त्रीची ‘मर्यादा’ यांच्या चौकटीत वाढलेल्या समाजाने या कामाकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने विधवा आणि इतर स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्याचे काम हाती घेतले तेव्हा त्यालाही याच दृष्टीशी झुंजावे लागले. मिशनच्या रुग्णालयांतून आणि सेवासदनासारख्या संस्थांतून शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरे, पण ती प्रतिष्ठा अद्याप अपुरी आहे. परिचारिकेला सर्रास एकेरी हाक मारली जाते, तिच्या चारित्र्यावरून शिवी दिली जाते, आणि ‘तुझा पगार आमच्या पैशांतून होतो’ असे सुनावले जाते. डॉक्टरांशी भांडतानाही सहसा टिकणारे आदरार्थी बहुवचन तिच्या बाबतीत पहिल्याच वाक्यात गळून पडते. सध्या या व्यवसायात पुरुषही येत आहेत आणि त्यांनाही मार बसतो, पण शिवीचे स्वरूप पाहिले की तो रोष प्रामुख्याने स्त्रीच्या शरीरावर आणि अब्रूवर रोखलेला असतो हे ध्यानात येते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्यावरील हल्ल्याचा इतिहास या विषयात टाळता येत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूर येथून मुंबईत आलेल्या अरुणा शानबाग या २५ वर्षांच्या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, ड्यूटी संपवून त्या रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना, त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने हल्ला केला. कामातील गैरप्रकाराबद्दल त्यांनी त्याला फटकारल्याचा राग त्यामागे असल्याचे सांगितले गेले. कुत्र्याला बांधण्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला आणि त्या जिवंत असूनही भोवतालाची जाण हरपलेल्या अवस्थेत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. आरोपीवर खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांसाठी खटला चालला, लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही, आणि सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला. शानबाग मात्र के. ई. एम. च्या चौथ्या क्रमांकाच्या कक्षालगतच्या खोलीत १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे होत्या.

या घटनेची चर्चा बहुतेक वेळा दयामरणाच्या अंगाने झाली, कारण पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निर्णयात उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्यास काही अटींवर तत्त्वतः मान्यता दिली, परंतु शानबाग यांच्या बाबतीत ती मागणी फेटाळली. हा निर्णय कायद्याच्या इतिहासात महत्त्वाचा आहेच. तथापि परिचारिकांच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाब अधिक बोलकी आहे. अशा रुग्णाच्या वतीने निर्णय घेऊ शकणारी सर्वांत निकटची मंडळी म्हणून न्यायालयाने के. ई. एम. च्या कर्मचाऱ्यांना मान्यता दिली, आणि इतक्या वर्षांत शानबाग यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही याची आवर्जून नोंद घेतली. शय्याव्रण म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने त्वचेला होणारी जखम. ती टाळायची तर दर काही तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते, आहार सांभाळावा लागतो. १९७३ मध्ये जन्मही न झालेल्या परिचारिकांनी हे काम पाळीपाळीने केले. १९८० च्या दशकात महापालिकेने शानबाग यांना रुग्णालयाबाहेर हलवण्याचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिकांनीच विरोध करून तो हाणून पाडला. हल्ल्यानंतर लगेच मुंबईतील परिचारिकांनी संप करून स्वतःच्या सुरक्षेची आणि शानबाग यांना योग्य वागणूक मिळण्याची मागणी केली होती. म्हणजे न्याय, सुरक्षा आणि शुश्रूषा या तिन्हींचा भार अखेर ज्यांच्यापैकी एकीवर हल्ला झाला त्यांनीच उचलला. या निष्ठेचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते योग्यही आहे. पण एका सहकारिणीच्या खोलीत रोज जाणाऱ्या शेकडो तरुण मुलींच्या मनावर त्या खोलीने काय बिंबवले असेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

त्या प्रश्नाकडे वळताना मानसशास्त्रातील काही संकल्पनांची मदत होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. नोकरीचा भाग म्हणून विशिष्ट भावना चेहऱ्यावर दाखवणे आणि उलट भावना दाबून ठेवणे हेही श्रमच आहेत, त्यांनीही थकवा येतो, आणि त्यांचा मोबदला कोणी मोजत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. परिचारिकेच्या बाबतीत हे श्रम दुप्पट होतात. अपमान करणाऱ्याच्याच वडिलांना पुढच्या क्षणी औषध पाजायचे असते, आणि हात थरथरत असतानाही शिरेत सुई नेमकी घालायची असते. राग गिळावा लागतो, कारण तो व्यक्त केला तर ‘सिस्टर उद्धट आहे’ ही तक्रार वरिष्ठांकडे आधी पोहोचते. ज्या व्यवसायात सोशिकपणा हाच गुण मानून शिकवला जातो, तेथे सोसणे आणि सेवा यांतील सीमा पुसली जाते, आणि मारलेली थप्पड हीदेखील कामाचाच भाग आहे असे परिचारिका स्वतःच मानू लागते.

हल्ल्यानंतरचे पहिले परिणाम शरीरात दिसतात. झोप लागत नाही, लागली तर दचकून जाग येते. कक्षाचे दार जोरात आपटले किंवा बाहेर गाड्यांचा घोळका थांबला की छातीत धडधड सुरू होते. एकाच वेळी चार-पाच माणसे आत आली की नजर आपोआप बाहेर जाण्याचा मार्ग शोधते. धोका टळल्यावरही शरीर धोक्याच्या तयारीत राहण्याच्या या स्थितीला अतिसावधपणा म्हणतात. असा अतिसावधपणा, घटनेची पुन्हा पुन्हा उफाळून येणारी चित्रे, आणि त्या जागेचे किंवा त्या विषयाचे टाळणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली तर आघातोत्तर ताणविकाराचा विचार करावा लागतो. प्रत्येकीला हा विकार होत नाही, पुष्कळजणी काही आठवड्यांत सावरतात. मात्र जिच्यावर पहिला हल्ला झाला तिला पुढच्याच आठवड्यात त्याच कक्षात, त्याच पाळीला, एकटीने उभे केले तर सावरण्याची ही नैसर्गिक प्रक्रिया अडते.

यापेक्षा संथपणे होणारी झीज अधिक व्यापक आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये सेवाव्यवसायांतील दमणुकीचे मोजमाप तयार केले, तेव्हा तिचे तीन घटक वेगळे काढले: भावनिक शक्ती संपल्याची जाणीव, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणे कमी होत जाणे, आणि आपल्या कामातून काही साध्य होत नाही असे वाटणे. दुसरा घटक रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. रोज शिव्या ऐकणारी परिचारिका रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने ओळखू लागते, नातेवाइकांना दोन वाक्यांत समजावण्याऐवजी एका शब्दात उत्तर देते, ज्या खाटेभोवती भांडखोर माणसे बसली आहेत तिकडे फेरी मारणे शक्य तितके टाळते. हा तिचा बचाव असतो. पण त्या खाटेवरच्या रुग्णाचा रक्तदाब त्यामुळे उशिरा पाहिला जातो, नातेवाइकांना तुटक उत्तर मिळते, त्यांचा संशय पक्का होतो, आणि पुढच्या भांडणाची तयारी पूर्ण होते. परिचारिकांवरील हिंसा हा रुग्णसुरक्षेचाच प्रश्न आहे असे म्हणतात, त्याचा अर्थ हा आहे.

नैतिक क्लेश ही तिसरी संकल्पना तत्त्वचिंतक ॲन्ड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचर्येच्या संदर्भातच मांडली. योग्य काय हे माहीत असूनही संस्थेच्या अडचणींमुळे ते करता न येणे, आणि त्याचा सल मनात राहणे, असा तिचा आशय आहे. रुग्णाला पुढे पाठवण्यास उशीर होतो आहे हे परिचारिकेला नातेवाइकांइतकेच कळत असते. रागावलेला मुलगा जे म्हणतो त्यातील काही भाग खरा आहे हेही तिला ठाऊक असते. म्हणूनच त्याची शिवी तिला केवळ अन्याय म्हणून लागत नाही, स्वतःच्या अपराधाच्या पुराव्यासारखी लागते. भीतीपेक्षा हा अपराधभाव अधिक काळ टिकतो, आणि त्याची वाच्यता जवळजवळ कधीच होत नाही.

घरीही ती बोलत नाही, याला व्यवहाराचे कारण आहे. गावाकडील कुटुंबात ‘कामावर कोणी हात उगारला’ हे सांगितले की पहिला प्रतिसाद नोकरी सोडण्याचा किंवा रात्रपाळी नाकारण्याचा असतो. सासर-माहेरची माणसे काळजीपोटी तसे म्हणत असली तरी त्या काळजीची किंमत तिच्या स्वावलंबनाने चुकवावी लागते. लैंगिक स्वरूपाच्या छळाच्या बाबतीत ही कोंडी आणखी घट्ट होते. रुग्णालयात तक्रार केली तर चौकशी तिच्याच वागण्याची होईल, कंत्राटी असल्यास मुदतवाढ मिळणार नाही, आणि मारणारे गावातील वजनदार घरातले असतील तर दुसऱ्या दिवशी तडजोडीसाठी कोणीतरी येऊन बसेल. तालुक्याच्या ठिकाणी सगळे एकमेकांना ओळखतात, आणि ही ओळख एरवी आधार देते, पण तक्रारीच्या वेळी ती दबाव बनते. नोंद न होणाऱ्या हिंसेचे प्रमाण सर्वत्र मोठे असल्याचे संशोधक सांगतात, त्यामागची कारणे अशी अगदी ठोस आहेत.

कायद्याची बाजू तुलनेने भक्कम आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हिंसा रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. त्यात डॉक्टरांबरोबर नोंदणीकृत परिचारिकांनाही संरक्षण आहे, तो सरकारी आणि खासगी दोन्ही संस्थांना लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई देण्याची तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या पूर्वपरवानगीविना तपास आणि अटक करू शकतात. तो अजामीनपात्रही आहे, म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क नसून न्यायालयाच्या विवेकाधीन असतो. कोविडच्या साथीत केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली आणि गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत त्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर झालेल्या अत्याचार आणि खुनानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने, हिंसेच्या घटनेनंतर जास्तीत जास्त सहा तासांत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली. ही छोटी वाटणारी सूचना परिचारिकांच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे, कारण तक्रारदार संस्था झाली की तडजोडीसाठी एकट्या बाईच्या दारात जाण्याचे प्रयोजन उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात राष्ट्रीय कृतिदल नेमले, त्याच्या आदेशात परिचारिकांच्या सुरक्षेचाही विचार होता; पण दलावर नेमलेले तज्ज्ञ सदस्य सारे डॉक्टर होते. देशातील आरोग्यकर्मचाऱ्यांत संख्येने इतक्या मोठ्या असलेल्या वर्गातील एकही व्यक्ती तज्ज्ञ म्हणून तेथे नसावी, ही उणीव गंभीर आहे.

शिक्षेची भीती हल्ला रोखायला पुरेशी पडत नाही, कारण असा हल्ला बहुधा पूर्वनियोजित नसतो. तो भय, अज्ञान, प्रतीक्षा आणि गर्दी यांतून काही मिनिटांत घडतो. म्हणून त्या मिनिटांवर काम करावे लागते. नॉर्वेत मनोरुग्णालयांसाठी तयार झालेल्या ब्रॉसेट सूचीत गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाणे आणि वस्तूंची आदळआपट ही सहा चिन्हे दर पाळीला पाहून पुढच्या २४ तासांतील धोक्याचा अंदाज बांधला जातो. ऑस्ट्रेलियातील एका तातडीच्या विभागातील निरीक्षणांतून रोखून पाहणे, आवाजाची पट्टी बदलणे, अस्वस्थता, पुटपुटणे आणि येरझाऱ्या या पाच खुणा पुढे आल्या. अनुभवी इन्चार्ज सिस्टर या खुणा सूचीविनाही ओळखते, पण सूचीमुळे ते ज्ञान पहिल्याच महिन्यात कामावर आलेल्या मुलीला मिळते आणि पाळी बदलताना, सलाईन आणि औषधांच्या माहितीबरोबरच, ‘सात नंबरच्या खाटेजवळ एकटी जाऊ नको’ हे अधिकृतपणे सांगता येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१६ मध्ये केलेल्या नियमांनी इजा झाली नसली तरी प्रत्येक घटनेची नोंद करणे आणि कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन प्रतिबंधाचा आराखडा करणे रुग्णालयांना बंधनकारक केले. ग्रामीण रुग्णालयात याहून साधे उपायही शक्य आहेत: रुग्णासोबत एकच नातेवाईक आत, उरलेल्यांसाठी बाहेर बसण्याची जागा, परिचारिकेच्या टेबलामागून निघण्याचे दुसरे दार, आणि रात्री दोघींपेक्षा कमी मनुष्यबळ न ठेवण्याचा नियम. सर्पदंशाच्या त्या २० मिनिटांबद्दल मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक फलक भिंतीवर असेल, तर नळीकडे पाहणारी परिचारिका काय करते आहे हे नातेवाइकाला तिने सांगण्याआधीच कळू शकेल.

घटना घडून गेल्यानंतरच्या मदतीबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आघात सोसलेल्या व्यक्तीला लगेच बसवून सगळा प्रसंग तपशीलवार सांगायला लावणे हितावह असते असे पूर्वी मानले जाई. अशा एकाच बैठकीतील सक्तीच्या कथनाने पुढचा ताणविकार टळत नाही, काहींच्या बाबतीत त्रास वाढतो, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केलेली नाही. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवला जातो, आणि तो करायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. तिला त्या जागेतून बाजूला नेणे, दुखापत तपासणे, पाणी-चहा देणे, उरलेल्या पाळीची व्यवस्था दुसरीकडे लावणे, पोलीस ठाण्यात वरिष्ठाने सोबत जाणे, घरी पोहोचवणे, बोलावेसे वाटल्यास ऐकणे आणि ‘तू काय बोललीस त्याला?’ हा प्रश्न न विचारणे, एवढ्याने पहिली गरज भागते. महिन्यानंतरही झोप आणि भीती पूर्ववत झाली नाही तर तज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोळ तालुक्याला वेढले, तेव्हा संकटाआधी आणि संकटानंतर कोणी काय करायचे हे लिहून ठेवण्याची निकड प्रशासनाला आणि गावांनाही पटली. रुग्णालयातील हिंसेबाबतही असा लेखी आराखडा करता येईल, आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत ग्रामीण रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यात अधिकाऱ्यांबरोबर लोकप्रतिनिधीही बसतात. शिवीपासून हल्ल्यापर्यंतच्या सर्व घटनांची नोंदवही या समितीच्या प्रत्येक बैठकीत उघडली जावी, नोंद करणारीचे नाव त्यात गुप्त ठेवण्याची सोय असावी, आणि चर्चेच्या वेळी केवळ वैद्यकीय अधीक्षकाचे म्हणणे न ऐकता रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांपैकी किमान एकीला समितीपुढे खुर्ची मिळावी.